खाली न ठेवलेलं वजन

पहिल्याच दिवशी जिमच्या ट्रेनरने विचारलं, "काका, नोकरीत कुठे होता?" म्हातारबुवा लाजत म्हणाले, "अर्थशास्त्र विभागात." तो विभाग ग्रंथालयातला होता आणि आपलं काम पुस्तकांच्या पाठीवर लेबलं चिकटवण्याचं होतं, हे ते पुढे सांगणारच होते, पण तोवर ट्रेनरने सगळ्यांना ओरडून सांगितलंही, की आपल्याकडे अर्थतज्ज्ञ आलेत. चारचौघांत त्याला खोटं पाडणं त्यांच्या जिवावर आलं.

ते आले होते नातीसाठी. मागच्या खेपेला तिने हात वर केले, तेव्हा त्यांनी तिला जेमतेम गुडघ्यापर्यंत उचललं आणि तिथूनच परत जमिनीवर पोचवलं. "राहू दे, आजोबा," ती समजूतदारपणे म्हणाली होती. ते 'राहू दे' त्यांच्या मनात घर करून बसलं होतं. सुट्टी लागली की ती पुन्हा यायची होती.

ट्रेनरचा उपदेश सोपा होता. वजन सावकाश वर न्यायचं, त्याहून सावकाश खाली आणायचं. श्वास कोंडायचा नाही. शरीर वाढतं ते विश्रांतीत, म्हणून एक दिवसाआड यायचं. म्हातारबुवांनी डंबेल छातीशी आणलं. उंच खिडक्यांतून ऊन तिरपं उतरत होतं, त्यात धुळीचे कण सावकाश तरंगत होते, आणि समोरासमोरच्या आरशांत एकामागे एक असंख्य म्हातारे डंबेल घेऊन कुठल्याशा दूरच्या प्रवासाला निघाल्यासारखे उभे होते. ते त्यांच्यामागून निघणार, तेवढ्यात कोपऱ्यावरचा शिंपी जवळ आला.

"काका, ही महागाई कुठवर जाणार?"

म्हातारबुवांना काय ठाऊक? पण कानात नुकतंच पडलेलं होतं, तेच तोंडातून आलं. "वर सावकाश जाते. खाली त्याहून सावकाश येते."

शिंपी थक्क झाला. ट्रेनरही थक्क झाला. आपलंच वाक्य त्याला ओळखू आलं नाही.

मग दर खेपेला अशीच मैफल जमू लागली. कुणी व्याजदर काढी, कुणी मंदी. समोरचा बोलत असताना हातातली वस्तू खाली ठेवणं म्हणजे त्याचं बोलणं झिडकारणं, असं म्हातारबुवांना वाटे. म्हणून ते डंबेल छातीशी धरून नुसती मान हलवत, आणि फारच आग्रह झाला तर म्हणत, "श्वास कोंडू नये." वाढ विश्रांतीत होते, हे त्यांच्या तोंडून ऐकून शिंप्याने तर दुकान एक दिवसाआड बंद ठेवायला सुरुवात केली. म्हातारबुवांची झोप उडाली. पण उरलेल्या दिवशी दुकानापुढे दुप्पट गर्दी होऊ लागली, आणि अर्थतज्ज्ञाची कीर्ती गल्लीभर झाली.

शेवटी न राहवून त्यांनी ट्रेनरला खरं सांगितलं. "अहो, मी लेबलं चिकटवायचो."

"मोठी माणसं असंच बोलतात," ट्रेनर हळवा होऊन म्हणाला. मग जरा खाकरला. "पण काका, खरं सांगू? तुम्ही व्यायाम असा केलाच नाहीत. नुसते गप्पा मारत उभे राहिलात."

ते खरंच होतं. म्हातारबुवा रस्ताभर खाली मान घालून घरी आले. दारात नात उभी होती. तिने हात वर केले, मग काहीतरी आठवून अर्धे खाली घेतले.

"कंबर सांभाळा," आतून बायको म्हणाली.

त्यांनी वाकून नातीला उचललं. गुडघा ओलांडला, कंबर ओलांडली, आणि नात छातीशी येऊन थांबली. ते स्वतःच गोंधळून तिच्याकडे बघत राहिले. तिने त्या उंचीवरून घर न्याहाळलं, कपाटावरची धूळ पाहिली, आणि शाळेतल्या मांजरीची गोष्ट सुरू केली. मांजर हरवली, सापडली, पुन्हा हरवली. खिडकीतलं ऊन भिंतीवरून सरकत दाराशी गेलं.

"अहो, ठेवा की तिला आता खाली," बायको बाहेर येऊन म्हणाली.

"असं कसं?" म्हातारबुवा कुजबुजले. "ती बोलतेय ना अजून."