मस्त सेलची नजर

"डॉक्टर, नजर लागली तर रक्तात दिसते का हो?"

विचारलं एकदाचं! "विचारून दाखव, मग मानू," असं वर्गातल्या हिमानीच्या गँगनं फोनवर डिवचलं होतं, आणि युसरा मागं हटणारी नव्हती. सकाळी दुकानाचं शटर उघडताना तिच्या अब्बूंचं, नूरमोहम्मदभाईंचं, तोंड भोपळ्यासारखं सुजलं, श्वास कोंडला, ते कोसळले. दवाखान्यात मांडीत इंजेक्शन बसलं तेव्हा कुठं जिवात जीव आला.

डॉ. कालिंदी रक्ताची नळी हलवत हसल्या. "नजर नाही, पण ॲलर्जीचा झटका दिसतो. अंगात पहारेकरी असतात, मास्ट सेल. ते भडकून फुटले की त्यांच्यातलं ट्रिप्टेज नावाचं द्रव्य रक्तात सांडतं. तासा-दोन तासांत चढतं, मग उतरतं. म्हणून एक नमुना आत्ता, एक उद्या. पण झटका कशानं आला ते शोधा. पुढचा जिवावर बेतेल."

युसराचा 'आ' वासलेलाच राहिला. एवढुशा नळीत पहारेकरी!

मुनिराअम्मीच्या कानात मात्र दोनच शब्द शिरले. "मस्त सेल? मी बोलले नव्हते? बोर्ड केवढा मोठ्ठा लावला! सगळ्या बाजाराची नजर लागली!" तिनं तडक दुकानातल्या कामगाराला फोन लावला. "सोमनाथभाऊ, 'मस्त सेल'चा बोर्ड उतरवा आधी!"

"अगं, गिऱ्हाईक जाईल!" अब्बू उठून बसले. "चल, घरी. मी ठणठणीत हाय."

युसरा त्यांच्या चपलांवरच ठाण मांडून बसली. "उद्याचं रक्त दिल्याबगैर नाय!"

अर्ध्या तासात सोमनाथकाका रिक्षातून उतरले. नाकाचं वांगं झालेलं.

"भाभी, बोर्डामागं गांधीलमाश्यांचं हे एवढं पोळं! उतरवायला गेलो तर तुटून पडल्या!"

डॉक्टरांनी अब्बूंच्या कानामागं टॉर्च मारला. डंख! शटरच्या खडखडाटात त्यांना कळलाही नव्हता.

"देखा?" अम्मीनं मान ताठ केली. "बोर्डच कारण निघाला ना?"

संध्याकाळी रिपोर्ट आला, ट्रिप्टेज तिपटीनं वाढलेलं. दुसऱ्या दिवशीच्या नमुन्यात पुन्हा जागेवर! अब्बूंना न कळलेला डंख रक्तानं बरोबर टिपला होता. युसरा तो आकडा ईदच्या चंद्रासारखा बघत राहिली.

"बरं झालं बाई," अब्बू म्हणाले, "आता अकरावीला कॉमर्स घे, मग दुकानात..."

"अब्बू, अम्मी, ऐका. मी सायन्स घेणार. दुकानातला मस्त सेल तुम्ही सांभाळा, रक्तातला मी बघते. आणि तो बोर्ड माझ्या खोलीत लागणार. पोळं काढून!"