वरणाला ताप आहे का?

मुलांनो, आमच्या शेजारच्या अप्पांना जेवायला बोलावलं, की ते पहिल्या घासाआधी खिशातून थर्मामीटर काढून वरणात बुडवतात. नांदेडच्या कॉलेजात त्यांनी जन्मभर जंतुशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यापासून गल्लीला शिकवतात.

"ताई, पोटाचा जंतू लई हुशार. हत्यारं बनवायची जनुकं जवळ असत्यात, पन बाहेर गारव्यात तो ती बंद ठेवतो. उगं ताकद कशाला घालवायची? पोटात शिरला, सदतीस अंशाची ऊब लागली, पित्त लागलं, हवा कमी झाली, की त्याला इशारा मिळतो. मग काढतो हत्यारं!"

आणि कोमट वरण? "तिथं त्याची पिलावळ वाढती!"

त्यांची बायको, शांताकाकू, लातूरला मुलाकडे नातवाला सांभाळतात. गेल्या वर्षी तिथे नातवाचं जावळ होतं. अप्पांनी सगळ्या पाहुण्यांसमोर पातेल्यात थर्मामीटर घातला.

विहीणबाई म्हणाल्या, "का हो, वरणाला ताप हाय का?"

"ताप उतरलाय, हीच तर बोंब हाय! पुन्हा उकळा!"

पंगत तासभर खोळंबली. सुनेच्या माहेरचे रुसले, सून डोळे पुसत आत गेली. अप्पा थर्मामीटर तिथेच विसरून, उपाशीच नांदेडला परतले. इथे नवा आणला, पण लातूरला पुन्हा गेले नाहीत.

काकू फोनवर "या की" म्हणायच्या. अप्पा विचारायचे, "सूनबाई काय म्हणती?" तिकडे काकू गप्प. मग फोन ठेवून मला सांगायचे, "ताई, इशारा नसला की जंतूसुद्धा गप बसतो." आणि व्हरांड्यात बसून राहायचे.

परवा सकाळी माझ्याकडे चहाला आले होते. कपात थर्मामीटर बुडवणार, एवढ्यात फोन वाजला. ऐकू कमी येतं म्हणून ते स्पीकर लावतात, त्यामुळे मलाही ऐकू आलं. सूनबाई होती.

"मामा, बाळाची मघाची खिचडी कोमट झालीया. तशीच भरवू का?"

"फेकून दे!" अप्पा ओरडले. मग जीभ चावून हळूच म्हणाले, "म्हंजे... ताजी कर, बाळा."

"तुमचा त्या दिवशीचा थर्मामीटर मी जपून ठेवलाय. पन त्यातलं मला काय कळंना. येता का शिकवायला?"

अप्पांनी हातातला थर्मामीटर खिशात ठेवला. "हाव, येतो," एवढंच म्हणाले. मग चहा न मोजता एका दमात प्यायले आणि जीभ भाजल्यावर मला विचारलं, "ताई, लातूरची गाडी किती वाजता हाय?"