चाकांवरच्या घराची घरभरणी

नाशकात चाकांवरचं घर पहिल्यांदा बांधलं ते मी. हा मान माझा आहे आणि तो मी कुणाला वाटून देणार नाही. दुसरा कुणी तसं सांगत असेल तर त्याला माझ्याकडे पाठवा, चहा पाजून खोटं पाडीन.

गोष्ट अठ्ठ्याण्णव सालच्या दिवाळीतली. नाशकातल्याच द्वारका चौकाजवळच्या एका गॅरेजात मी ट्रकच्या बॉड्या बांधायचो. तिथे एक जुनी मॅटाडोर कोपऱ्यात पडून होती. मालक म्हणाला, "धनराज, ही ने बाबा, जागा अडवतेय." मी नेली. आमच्या दोन्ही पोरांनी, निखिल आणि प्राजक्ताने, समुद्र पाहिला नव्हता, आणि मी त्यांना शब्द दिला होता की दिवाळीच्या सुट्टीत डहाणूला जायचं, वाटेत गाडीतच राहायचं, गाडीतच जेवायचं. बायको मीना म्हणाली, "लोक घराला गाडी घेतात, तुम्ही गाडीला घर करताय." पण पडदे तिनेच शिवले.

काय घर झालं होतं म्हणून सांगू! दिवसा बसायचे बाक, रात्री ओढले की पलंग. शेगडीला छोटा ओटा. टपावर पाण्याची टाकी, आत नळ. मागे दार, दाराला कडी, आणि खाली उतरायला दोन पायऱ्या. ड्रायव्हरच्या पाठीमागे मी दुहेरी प्लायची भिंत घातली, मध्ये थर्माकोल भरला. इंजिनाचा आवाज आत येता कामा नये. आला नाहीच. आतला आवाजही पुढे जायचा नाही, हे मात्र तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

पंचवटीतल्या आमच्या भाड्याच्या घरासमोर गाडी उभी केली. सगळी गल्ली बघून गेली. शेवटी आई आली. तिने शेगडी पाहिली, पलंग दाबून पाहिला, नळ सोडून बंद केला आणि विचारलं, "धना, हे घर का गाडी?"

"दोन्ही," मी ऐटीत म्हणालो. इथेच चुकलो.

"चूल हाय, निजायला जागा हाय, म्हणजे घर. घरभरणी केल्याबिगर यात कुणी निजायचं नाय."

मला वाटलं, एक नारळ फोडला की भागेल. पण आई तेवढ्यात कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर जाऊन आली होती. तिने नांदगावला झुंबरआत्याला फोन करून सांगितलं होतं की धनाने घर बांधलं, वास्तुशांत आहे, या.

"गाडी आहे ते सांगितलंस ना?"

"घर बांधलं म्हनले. खोटं हाय का?"

आता झुंबरआत्या काय प्रकरण आहे ते सांगायला हवं. माझ्या वडिलांची थोरली बहीण. नांदगावला दुमजली बंगला. वडील गेल्यानंतरही ती अधूनमधून आमच्याकडे यायची, पोरांना खाऊ आणायची, पण आमच्या घरी चहा कधी घेतला नाही. "नवसाबाई, भाड्याच्या घरातला चहा मला पचत नाय. सोताचं घर कर, मग पिते." हे ती आईला हसत म्हणायची. आईही हसायची. मग आत जाऊन भरलेला कप मोरीत ओतायची. त्या एका कपासाठी आईने घरभरणी मांडली होती. मला ते कळलं आणि माझी मान आपोआप हलली. म्हटलं, होऊ दे वास्तुशांत.

वास्तुशांतीच्या दिवशी आत्या आलीच नाही. पाय दुखतात म्हणे. तिने आपला मुलगा खंडेराव याला पाहणी करायला पाठवलं. तो जीपभर पाहुणे घेऊन आला. आहेर म्हणून त्यांनी भिंतीवरचं घड्याळ, तांब्याचा हंडा आणि छताचा पंखा आणला होता.

"घर कुठं हाय?" पंखा काखेत धरून खंडेरावने विचारलं.

"हे काय," मी मॅटाडोरच्या टपावर थाप मारली.

खंडेरावने गाडीकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं. "मामी, आईला मी सांगू काय?"

"आदी पूजा तर होऊ दे," आई म्हणाली. पण पदराचं टोक तिच्या बोटांत पिळलं जात होतं.

गुरुजी आले ते होकायंत्र घेऊनच. "दाराचं तोंड दक्षिणेला? यमाची दिशा आहे ती. पूर्वेला करा."

मी म्हणालो, "गुरुजी, ही गाडी आहे, उद्या कुठेही तोंड करील."

"उद्याचं उद्या. आज वास्तू आहे."

मग चार पाहुण्यांनी ढकलून गाडी गल्लीत आडवी केली. दार पूर्वेला आलं आणि गल्ली बंद झाली. आत एका पाटावर मी, दुसऱ्यावर मीना, पलंगावर आई, पायाशी पोरं, मधोमध मी स्वतः वेल्डिंग केलेलं होमकुंड. गुरुजींनी माझ्या हातावर पाणी सोडून संकल्प सांगितला. आमच्याकडे संकल्पात काळ सांगतात, स्थळ सांगतात, आपण गोदावरीच्या कुठल्या काठावर बसलो आहोत तेही सांगतात. पंचवटी गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्याच, उत्तरेला, म्हणून गुरुजींनी खणखणीत आवाजात 'गोदावर्याः उत्तरे तीरे' म्हटलं. मीही म्हटलं. होम पेटला.

आणि बाहेर भाजीबाजाराच्या हातगाड्या येऊन थडकल्या. त्यांच्या मागे सामानाने भरलेली रिक्षा, तिच्या मागे दूधवाला. सगळे एका सुरात हॉर्न आणि तोंड वाजवू लागले. घरमालक खिडकीतून ओरडला, "धनराज, गाडी काढ!"

मी उठू लागलो. गुरुजींनी माझा खांदा दाबला. "संकल्प झालाय. यजमानांनी पाट सोडायचा नाही, अग्नी हलवायचा नाही."

"मग गाडी कोण काढणार?"

सगळ्या पाहुण्यांत गाडी चालवता येणारा माणूस एकच होता. खंडेरावने किल्ली घेतली, मागचं दार लावलं आणि म्हणाला, "तुमी मंत्र म्हना. मी एक चक्कर मारून हितंच आनून लावतो."

बेत चांगला होता. पण पंचवटी कारंज्यापाशी पोलिसांनी रस्ता वळवला होता. गर्दीच्या रेट्यात आमचं घर मालेगाव स्टँडवरून थेट उताराला लागलं. आत आम्हाला काहीच कळत नव्हतं. तुपाच्या धुराने डोळे चुरचुरत होते. गुरुजी एका हाताने कळस धरून आणि दुसऱ्याने आहुती टाकत मंत्र म्हणत होते. तेवढ्यात खिडकीला नाक लावून बसलेली प्राजक्ता ओरडली, "गंगा आली! आपण पुलावर!"

गुरुजींचा मंत्र अर्ध्यात थांबला. "पुलावर? म्हणजे दक्षिण तीराला? थांबवा. उत्तर तीर म्हटलंय मी. मागे घ्या!"

मी भिंतीवर बुक्क्या मारल्या. मीनाने मारल्या. निखिलने हंडा आपटला. भिंत मी बांधली होती, ती कशाला दाद देते? त्याही घटकेला मनात कुठेतरी बरं वाटलं, हे कबूल करतो.

पूल संपला तशी गाडी थांबली आणि मागचं दार उघडलं. धुराचा लोट बाहेर आणि एका ट्रॅफिक हवालदाराचं डोकं आत. "आग लागली का काय? बाहेर या सगळे!"

"आग नाही साहेब, होम आहे."

"गाडीत?"

"घरात," आई म्हणाली. "वास्तुशांत हाय. पायतान काढून वर या, देव बसलेत."

हवालदार काही बोलणार होता. पण आईचा आवाजच असा होता की त्याने रस्त्यावर बूट काढले आणि मोज्यांवर पायऱ्या चढून आत आला. धूर बाहेर जाऊन रहदारीला त्रास नको म्हणून दारही ओढून घेतलं. दार लागलेलं खंडेरावने आरशात पाहिलं, हवालदाराने सोडलं असं समजला, आणि निघाला.

"अहो, माझे बूट," हवालदार म्हणाला.

"बसा," आई म्हणाली. "उभ्यानं तीर्थ घेत नसतात."

रविवार कारंज्याला वळसा घालून आमचं घर परत पुलाकडे आलं. निखिल खिडकीतून म्हणाला, "काका, ते बघा तुमचे बूट." पलीकडच्या बाजूला दोन बूट शहाण्यासारखे जोडीने उभे होते. हवालदार त्यांच्याकडे बघत राहिला. पूल ओलांडताच गुरुजींनी छातीवर हात ठेवला आणि राहिलेला मंत्र तिथूनच पुढे उचलला.

खंडेरावला गल्लीत शिरता आलं नाही, म्हणून त्याने गाडी गंगेकाठच्या पटांगणात नेली. दार पूर्वेला लावलं. मागून पाहुणे धापा टाकत पोचले आणि पूर्णाहुती झाली. हवालदाराने प्रसादाचा लाडू घेतला, पडद्यांवरून हात फिरवला आणि आईला म्हणाला, "मावशी, घर छान आहे. आम्ही अजून क्वार्टरमध्येच." मग तो मोज्यांवर पूल चालत गेला. कागद त्याने मागितलेच नाहीत.

माझी छाती फुगली होती. ती खंडेरावने फोडली. पोटभर जेवून तो म्हणाला, "मामी, आईला काय सांगू? घर बघून आलो का घर चालवून आलो?" सगळे पाहुणे हसले. "गाडीची पूजा व्हती म्हनून सांगतो. उगा तिचा गैरसमज नको."

आई पानं उचलत होती. ती हसली नाही. मला तेव्हा खंडेरावला गंगेत ढकलावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही डहाणूला निघालो. पोरं आत समुद्राची गाणी रचत होती. आई माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसली, हळदीकुंकवाची कुयरी मांडीवर.

"नांदगावला घे," ती म्हणाली.

"आई, समुद्र तिकडे नाही."

"समुद्र कुठं जातो? त्यो जाग्यावर राहील. वन्सं म्हाताऱ्या झाल्यात."

मी गाडी चांदवडच्या रस्त्याला लावली. पोरांना कळलं तेव्हा मागे आकांत झाला असेल. पण माझ्या भिंतीमुळे आम्हाला ऐकू आला नाही.

मनमाड मागे टाकून नांदगावात शिरलो आणि आत्याच्या बंगल्यासमोर, फाटकाला लावून गाडी उभी केली. आईने रस्त्यावर पाणी शिंपडलं, पायरीखाली चार बोटांची रांगोळी काढली आणि प्राजक्ताला कुंकू घेऊन आत पाठवलं. "म्हनावं, आमच्या घरी चहाला या."

आत्या काठी टेकत फाटकापाशी आली. मागे खंडेराव तोंड दाबून उभा. आत्याने गाडी पुढून पाहिली, मागून पाहिली.

"नवसाबाई, हे घर?"

"हो वन्सं. माझ्या लेकानं बांधलं."

"लय लहान हाय."

"लहान हाय. पन बोलावनं घिऊन तुमच्या दारात आलं. तुमचा बंगला कधी माझ्या दारात आला का?"

खंडेरावच्या तोंडावरचा हात खाली आला. आत्याने चपला रांगोळीच्या अलीकडे काढल्या, काठी माझ्या हातात दिली आणि वाकून आत शिरली. पलंगावर बसली. छतावरून, ओट्यावरून, नळावरून तिची नजर फिरली. आई तिच्याकडे पाठ करून शेगडी पेटवत होती आणि तिचे खांदे असे ताठ होते की तिच्या सगळ्या आयुष्यात मी ते तसे पाहिले नव्हते. ते खांदे बघूनच मला वाटलं, आपण बॉडी बांधायला शिकलो ते याच्यासाठी.

तेवढ्यात आईने मला खुणेने बोलावलं आणि कानात पुटपुटली, "धना, दूध नासलं."

मी दार ओढून घेतलं आणि पाण्याचा बहाणा करून बंगल्याच्या मागच्या दाराने स्वयंपाकघरात गेलो. खंडेरावच्या बायकोला हात जोडले. तिने एक शब्द न विचारता पातेलंभर दूध दिलं. ते शर्टाच्या आड लपवत मी परत आलो, अर्धं शर्टावर सांडलं.

चहा झाला. आत्याने बशीत ओतून, फुंकर घालून, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. कप उपडा करून पाहिला.

"बरा झालाय," ती म्हणाली. "पन खरं सांगू, नवसाबाई? दूध पाहावं तर तुमच्या नाशकाचंच. आमच्या गोठ्यातल्या दुधाला ही चव नाय."

आईने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने आत्याला विचारलं, "अजून अर्धा कप घ्या की?" आणि मी पातेलं घेऊन पुन्हा मागच्या दाराकडे निघालो.