उपासाची मोरी

प्लेगनंतर शहापुराबाहेर आखलेल्या नव्या पेठेत घर बांधायला पेठ कमिटीची परवानगी होती, राहायला नव्हती. गटार नाही, सबब वस्ती नाही. गटार का नाही? तर गटारपट्टी राहणाऱ्यांकडून घ्यायची, आणि राहतंय कोण? कायदा इतका स्वच्छ होता की त्याला गटाराची गरजच नव्हती.

आमचं नवं घर कुलूप लावून उभं. इकडे भाड्याच्या एका खोलीत माग, मागाचा खड्डा आणि खड्ड्याच्या काठावर दिवस भरत आलेली सून, चंपा. बाळंतपण नव्या घरात करायचं म्हणून मी अर्ज घेऊन कचेरीत गेले. कमिटी अर्ज सोमवारीच घेते. सोमवारी दिवेलागणीपर्यंत माझा उपास आणि मौन.

आण्णाप्पा कारकुनांनी विचारलं, "आक्का, रोजचं सांडपाणी किती घागरी?"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरात सोमवारवर बोट ठेवलं आणि हात जोडले.

"उपास व्हय? घरात समद्यांचा?" मी होकाराची मान डोलावली. "म्हंजे चूल न्हाय, खरकटं न्हाय." त्यांनी लिहिलं: सांडपाणी निरंक.

उपासाला दोनदा आंघोळ, सोवळ्याचं धुणं, देवाची भांडी. हे मला सांगता आलं असतं, पण व्रत कसं मोडायचं? हुकूम हातात पडला: अर्जदारणीच्या कुटुंबास उपासाचे दिवशी वस्ती करण्यास हरकत नाही.

मग आम्ही वार मोजले. सोमवार महादेवाचा, मंगळवार यल्लम्माचा, असं करत रविवार जोतिबाचा. आठवड्याला देव कमी पडले नाहीत. आमचं बघून अख्खी पेठ व्रताला लागली. शेजारच्या मारुतीरावांनी तर शनिवार इतका कडक धरला, की रस्सा उकळायला लागला की दारात मूठभर उदबत्त्या लावत.

गटारपट्टी सगळ्यांनी वेळेवर भरली. महिनाअखेर कमिटीने ठराव केला: वस्ती पूर्ण, निधी पूर्ण, सांडपाणी निरंक; सबब गटाराचे काम रद्द, निधी कमिटीच्या नव्या कचेरीकडे वळवावा. कारकून उपास करत नसल्याने कचेरीला मात्र ओढ्यापर्यंत पक्कं गटार मंजूर झालं.

त्याच आठवड्यात चंपा बाळंत झाली. मुलगी. शेक, न्हाणं, बाळुती, हंड्यामागून हंडे उपसले. पाणी मोरीतून निघालं ते उताराने खालच्या मल्लाप्पाच्या अंगणात.

चौथ्या दिवशी, गुरुवारी, मल्लाप्पा दारात आला. शांतपणे म्हणाला, "आक्का, तुझा उपास माझ्या चुलीपातुर आलाय गं. चल कचेरीत. दोघं मिळून खरं सांगू."

खरं सांगायचं म्हणजे घर सोडायचं. मांडीवर चार दिवसांची नात.

मी ओठांवर बोट ठेवलं. त्या दिवसापासून मी गुरुवारचंही मौन धरलं.

माझं चुकलं म्हणता? असेल. एवढंच करा, मागच्या दारी जाऊन तुमच्या मोरीचं पाणी कुणाच्या अंगणात जातं ते बघून या, आणि मग सांगा, तुमचं मौन कुठल्या वारी असतं.