सरूकाकूंचे उलटे कौतुक

आमच्या चाकुरात गुटगुटीत बाळ दिसले, की सरूकाकू हमखास म्हणत, "अगंबाई, किती वाळलं हे लेकरू!" काकू माझ्या शेजारी. आपल्या कौतुकाने दृष्ट लागते, ही त्यांची पक्की समजूत. म्हणून जे चांगले, त्याला त्या वाईट म्हणत. भरपूर दूध देणारी त्यांची म्हैस कायम "आटलेली" असे. पेढे घेऊन आलेल्या माझ्या विद्यार्थ्याला त्यांनी विचारले होते, "नापास झालास का रं?" शेजारी नव्याने आलेल्या बँकेतल्या बाई तर घाबरून आपल्या गोलमटोल मुलाला थेट लातूरच्या डॉक्टरांना दाखवून आल्या.

मग काकूंची लेक रेखा तान्ह्या मुलीला घेऊन माहेरी आली. पोटातले आम्ल वर येण्याचा मुलीला तीव्र त्रास होता. पाजलेले दूध बाहेर पडे. जळजळीने ती पाठ ताणून रडे आणि पुढे दूधच नाकारी. वजन वाढेना. डॉक्टरांनी औषध दिले, थोडे थोडे पाजून नंतर उभे धरायला सांगितले. पुढच्या वेळी वजन करेपर्यंत फरक पडला नाही, तर नाकातून नळी घालून दूध द्यावे लागणार होते.

उभे धरण्याचे काम काकूंनी घेतले. खांद्यावर फडके, फडक्यावर नात आणि अंगाला फाटलेल्या दुधाचा आंबट वास, अशा त्या अंगणात फेऱ्या घालत.

एकदा मी कुंपणापाशी थांबलो. मुलीचे हात काड्यांसारखे झाले होते.

"बघा की गुर्जी," काकू म्हणाल्या, "लई गुटगुटीत झाली न्हाई का माझी बाय?"

त्यांच्या तोंडून उघड कौतुक मी प्रथमच ऐकले, आणि मला भीती वाटली.

अंगणवाडी आमच्या शाळेच्याच एका खोलीत भरते. वजनाच्या दिवशी मीही तिथे जाऊन उभा राहिलो. ताईंनी मुलीला काट्याच्या झोळीत ठेवले. रेखाने मान फिरवली.

"काकू, वाढलं की! चांगलं वाढलंय!" ताई म्हणाल्या.

काकूंनी काटा डोळे बारीक करून पाहिला. मग घाईने नातीला उचलून पदराखाली झाकले आणि ताईंवर खेकसल्या, "कुठलं वाढलंय? पार वाळलं की लेकरू!"

आईचा तो शब्द ऐकून रेखाला किती तरी दिवसांनी हसू आले.

घरी परतताना काकू भेटेल त्याला थांबवून नात किती वाळली ते सांगत होत्या, आणि खांद्यावरच्या त्याच आंबट फडक्याने डोळे पुसत होत्या.