चार गुत्तेदार आणि तिसरं बिस्कीट

सोनकांबळ्यांकडे चहाला आलेल्या बांधकामाच्या गुत्तेदाराच्या बशीत बिस्किटं दोनच असायची. एकाने एकदा तिसरं मागून खाल्लं, तर उरलेल्या तिघांच्या घरी सायकलने जाऊन ह्या गृहस्थाने एकेक बिस्कीट पोचवलं. थापा मारत नाही, मागच्या कॅरियरवर मीच बसलो होतो.

"सारख्याला सारखं लावा, जाधव," ते म्हणायचे. "न्हाईतर भाव समजत न्हाई."

लातूर जिल्हा नुकताच झाला होता. कचेरी नवी, टेबलं उसनी आणि शेजारच्या टेबलावर हे. जिल्हा फुटला तो नेमका ह्यांच्या संसारातून. हे कचेरीबरोबर लातूरला आले. बायको मास्तरीण, तिची झेडपीची शाळा कळंबच्या बाजूला, उस्मानाबाद जिल्ह्यातच राहिली. तिच्या बदलीचा अर्ज परत येई, हे नवा करत. तेवढ्यात गावाबाहेर प्लॉट घेतला आणि गुत्तेदार बघायला लागले.

चौघांना एकच कागद भरायला दिलेला. पाया किती खोल, वीट कुठल्या भट्टीची, गिलावा दोन्हीकडून की आतूनच. एकाला पाया फूटभर जास्त सांगितला गेला, तर तिघांना परत बोलावून तोच सांगितला. दुष्काळ होता, नळाला आठवड्यातून एकदा पाणी. एकाचा सगळ्यांत कमी भाव बघून मी म्हटलं, द्या ह्यालाच. सोनकांबळ्यांनी कागदावर बोट ठेवलं.

"पाणी कुणाचं?"

पाणी आपलं होतं! टँकरचा खर्च धरला की तोच सगळ्यांत महाग. मी मनातल्या मनात हात जोडले.

पण दोन उन्हाळे गेले तरी त्यांचं आपलं "चौकशी करायलोय" चालूच. कचेरीत चेष्टा व्हायची. मीही करायचो, ह्याची आज लाज वाटते.

मग एका रविवारी आम्ही दोघं प्लॉटवर असताना चौघांतला मस्तानभाई पूर्ण भरलेला कागद घेऊन आला. पाणीसुद्धा त्याच्याच बोअरचं. विचारायला काही शिल्लकच नव्हतं.

"बोला सायब, पाया कवा खांदू?"

जमिनीवर चुन्याच्या फक्कीने खोल्या आखल्या होत्या. सोनकांबळे स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहिले आणि छातीच्या उंचीवर हात धरला. "खिडकी हितं."

"बाईसायबाला आणा की एक डाव. खूण करून घेतो."

"आली होती की. हितंच उभी राहिली, खूण तिनंच सांगितली. मग संध्याकाळच्या एसटीनं परत. बदलीचा हुकूम आला की खांदू, भाई."

"अन् न्हाई आला तर?"

"मी एकलाच राहिलो तरी भिंत तीच, खिडकी तीच. कागदावर सारखंच दिसतंय. पर सारखं न्हाई."

मस्तानभाईने कागदाची घडी करून त्यांच्या खिशात ठेवली. "ह्योच भाव ऱ्हाईल सायब. कितीबी दिवस."

तिघं त्यांच्या खोलीवर परतल्यावर सोनकांबळ्यांनी चहा टाकला. माझ्या बशीत दोन बिस्किटं होती, मस्तानभाईच्या बशीत तीन. मी सवयीने उठलो.

"सायकल काढू?"

"ऱ्हाऊ द्या, जाधव," ते म्हणाले.