परबांची चुकीची उत्तरं

इरा आणि अर्णव,

परवा फोनवर इरा म्हणाली, "आजी, मॅनेजमेंटच्या परीक्षेचं नाव काढलं की मला पळून जावंसं वाटतं. पण हे आईला सांगू नकोस." मी सांगितलेलं नाही. पण तेव्हापासून माझंच जेवणात लक्ष नाही, म्हणून आमच्या शेजारच्या परबांविषयी लिहायला बसले आहे. इराने शेवटपर्यंत वाचावं. अर्णवने हसायचं तिथे हसून घ्यावं.

परब रोज संध्याकाळी ओट्यावर उभे राहून मोठ्या आवाजात चुकीची उत्तरं देतात.

चारकोपमधल्या आमच्या सेक्टरात घरं भिंतीला भिंत लावून आहेत, त्यामुळे एकाचं उत्तर सगळ्या गल्लीला ऐकू जातं. परब इथल्याच औद्योगिक वसाहतीत, प्लास्टिकच्या डब्यांच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत. मूळचे मालवणकडचे. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी अचानक मॅनेजमेंटच्या पदवीला नाव घातलं. कॉलेजात न जाता बाहेरून परीक्षा द्यायची होती. कोणी कारण विचारलं तर "प्रमोशन" एवढंच म्हणायचे. काहीही अडलं की त्यांचं एकच पालुपद, "होतला मॅनेज."

कामावरून आले की अंघोळ, मग तुळशीला पाणी, मग कमरेवर हात ठेवून सुरुवात. "मार्केटिंगचे चार पी! प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस आणि..." इथे ते आकाशाकडे बघत. "पापलेट!"

एकदा दारावर आलेल्या कोळणीच्या टोपलीतल्या बांगड्याचा त्यांनी पुस्तकातल्यासारखा स्वॉट काढला. चव ही बांगड्याची ताकद, काटे हा कमकुवतपणा, तिखलं, म्हणजे झणझणीत कालवण, ही संधी आणि आमची मांजर हा धोका.

"काका, घ्यायचा असंल तं घ्या," ती म्हणाली. "माझ्या म्हावऱ्याला नावा ठेवू नुको."

अभ्यासातलं इंग्रजी समजून घ्यायला ते माझ्याकडे येत. मी निवृत्त शिक्षिका, म्हणून गल्लीत सगळे मला बाईच म्हणतात. मी धडा समजावला की परब मान डोलवत. संध्याकाळी ओट्यावर तोच धडा उलटा बाहेर पडे. इतकी वर्षं गोरेगावच्या शाळेत शिकवलं, पण असा विद्यार्थी पाहिला नव्हता. हा माणूस नापास होणार, या काळजीने मला अपचन होऊ लागलं.

पण त्या घरात खरी काळजी दुसरीच होती. परबांची एकुलती एक मुलगी रश्मी हीच पदवी करत होती, रोज कॉलेजला जाऊन. पहिल्याच वर्षाच्या परीक्षेत तिचे हात गार पडले, डोळ्यांपुढे अक्षरं नाचू लागली आणि कोरा पेपर ठेवून ती उठून आली. घरी येऊन तिने खोलीचं दार लावलं. खिडकीही लावली. जेवणाचं ताट आत जायचं आणि अर्धं परत यायचं. कॉलेज सुटलं. परबवहिनी माझ्याकडे येऊन पदर डोळ्यांना लावायच्या. "बाई, पोरगी बोलनाच नाय ओ." भिंतीपलीकडून भांड्यांचासुद्धा आवाज येईनासा झाला होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी परब विद्यार्थी झाले आणि ओटा गाजू लागला.

एका संध्याकाळी त्यांनी माणसाच्या गरजांचा त्रिकोण मांडला. "सगळ्यात वर, टोकाला, पोटाची भूक!" हे तीनदा झालं. चौथ्यांदा बंद खिडकीमागून आवाज आला.

"तळाला, पप्पा! भूक तळाला असते!"

वहिनी पोळी लाटताना थांबल्या. मीही माझ्या दारात थांबले. परबांनी मात्र वळूनही पाहिलं नाही. "असां? मग टोकाला काय? प्रमोशन?"

"अरे यार पप्पा!"

हळूहळू खिडकी उघडी राहू लागली. मग रश्मी खिडकीत बसू लागली आणि गणपतीनंतर ओट्यावर. "पुस्तक उलटं धरलंय का? वाट लावलीत सगळ्याची!" ती त्यांच्यावर ओरडायची आणि शिकवायची. परब मुकाट्याने ऐकायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा पापलेट.

मग त्यांनी स्वतःबरोबर तिचंही नाव बाहेरून परीक्षेला घातलं, तिला न विचारता. त्या दिवशी खिडकी धाडकन बंद झाली. "तुम्हीच जा एकटे!" एवढंच ऐकू आलं. परब ओट्यावर बसून राहिले. त्या संध्याकाळी उत्तर नाही, पालुपदही नाही.

परीक्षेच्या आदल्या दिवशी ते माझ्याकडे आले. शर्टाची बटणं वरखाली लागली होती. मी म्हटलं, बघू काय येतंय, आणि त्रिकोण विचारला. त्यांनी तळापासून टोकापर्यंत बरोबर सांगितला. चार पी विचारले. "प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस, प्रमोशन."

"अहो परब, मग रोज उलटं का सांगता?"

त्यांनी भिंतीकडे बघून आवाज उतरवला. "हळू बोला, बाई. बरोबर सांगितलं तर ती खिडकीतून बोलेल कशाला?"

मी चहाचं आधण ठेवलं. ते चहा न घेताच उठले. दाराशी थांबून म्हणाले, "गणित मात्र खरंच येत नाय हां."

सकाळी मी दारात उभी होते. परब निघाले. गल्लीच्या वळणावर पोचले तेवढ्यात मागून रश्मी आली, केस ओले, चपला हातात. "थांबा! तुम्ही हॉलमध्ये पापलेट लिहाल."

पुढचं मला तिनेच सांगितलं. आडनाव एक, म्हणून नंबर मागेपुढे. पहिला पेपर गणिताचा. परब पुढच्या बाकावर, रश्मी मागे. परबांना येत होतं ते लगेच संपलं. त्यांनी पेन खाली ठेवलं, पण ते उठले नाहीत. घंटा होईपर्यंत ताठ बसून राहिले. रश्मीचे हात पुन्हा गार पडले होते. "पण समोर पप्पांची पाठ होती," ती म्हणाली. "शर्ट घामाने भिजला होता. ते उठले असते तर मीपण उठले असते." तेव्हा कुठे तिने लिहायला सुरुवात केली.

रश्मी पास झाली. परबांचा गणिताचा विषय राहिला. त्याला इथे केटी म्हणतात आणि परब ती पदकासारखी मिरवतात.

इरा, मला तुझ्या त्या विषयातलं काही कळत नाही. रोज फोन करून मला शिकव.

रश्मीने पुढे पदवी पूर्ण केली, आता ती साकीनाक्याला नोकरी करते. परबांची केटी अजून सुटलेली नाही. संध्याकाळी ओट्यावर चौथा पी अजूनही पापलेट असतो आणि खिडकी उघडी असते.